टिकली लावलेले फोन

१

सव्वीस जानेवारीची सुट्टी होती, तरी पेणजवळच्या जोह्याला चंद्रावती म्हात्रे यांच्या मूर्तींच्या कारखान्यात सकाळपासून काम सुरू होतं. परदेशी जाणाऱ्या गणपतींची आखणी चालली होती. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. त्या वेळी चंद्रावतीबाईंशी कोणी बोलत नसे. हात जरासा हलला तरी देवाची नजर फिरते. म्हणून सून पूजा शेजारी येऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी मान वर न करताच विचारलं, "काय जळलं?"

"जळलं नाय काय. पण वाईट हाय, आई. कुंचला ठेवा आधी."

पूजाने फोन पुढे धरला. फोनवर एक व्हिडिओ चालू होता. गणपतीच्या मोठ्या मूर्तीपुढे एक म्हातारी बाई बसली होती. पांढरी साडी, खाडीचा वारा झोंबत होता म्हणून दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतलेला पदर, मिटलेले डोळे. एका हाताने ती दुसऱ्या तळहातावर ताल देत होती. आणि तो आवाज. फोनच्या एवढ्याशा भोकातून आला तरी कारखान्यातल्या बायका माती मळायच्या थांबल्या.

चंद्रावतीबाईंच्या अंगावर काल आला होता तसाच काटा आला. मग त्यांच्या ध्यानात आलं की हा काटा आज यायलाच नको होता. हे गाणं फोनवर असायलाच नको होतं.

"कोणी काढला?"

"कोण जाणे. सकाळपासून सगळ्यांच्या फोनवर फिरतोय. आणि रोह्यावरून सिपोराबायचा फोन आलेला. आज संध्याकाळी ती येणार नाय. आणखी एक म्हणाली," पूजा थांबली. "मायकलला आता गाणं देणार नाय म्हणाली."

चंद्रावतीबाईंनी कुंचला पाण्यात बुडवून ठेवला. गणपतीचा एकच डोळा झाला होता.

२

कालचं सगळं आधी सांगायला हवं, म्हणजे या व्हिडिओत एवढं वाईट काय ते कळेल.

भाताची कापणी होऊन शेतं मोकळी झाली की जोह्याच्या मंडळींचा गीतमेळा भरतो. दोन संध्याकाळी, रानात, उघड्यावर. मिठागरातल्या बायका येतात, लग्नात धवले गाणाऱ्या म्हाताऱ्या येतात. समितीच्या अध्यक्ष चंद्रावतीबाई. यंदा त्यांनी रोह्याच्या सिपोरा रोहेकर यांना दोन्ही संध्याकाळी गायला बोलावलं होतं.

सिपोराबाई कोकणातल्या ज्यू. हे लोक कित्येक पिढ्या इथल्या गावांतून राहिले, इथलीच मराठी बोलले. आता बहुतेक जण इस्रायलला गेले, थोडे उरलेत. सिपोराबाईंच्या घरात एक गाणं आहे, नावेचं. पूर्वज समुद्रातून कसे आले, तारू कसं फुटलं, लाटांनी त्यांना किनाऱ्याला कसं टाकलं, ते सगळं त्या गाण्यात आहे. घरातला एक माणूस ते पुढच्या पिढीतल्या एकाच माणसाला देतो. सिपोराबाईंना मूल नाही. भावाचा मुलगा मायकल त्यांनीच वाढवला. तो पुढच्या महिन्यात इस्रायलला निघाला होता, आणि त्याआधी हे गाणं त्याला द्यायचं असं ठरलं होतं. त्याला नाही दिलं तर द्यायला दुसरं कोणी नव्हतं.

गायला त्या तयार झाल्या, पण एका अटीवर. "माझ्याकडे माणसांनी बघावं. फोनांनी बघायचं नाय."

मग समितीने नियम केला. मोठे कॅमेरे गेटवर जमा करायचे. फोन आत न्यायचा, पण त्याच्या पाठीवर जे भिंग असतं त्यावर कागदाची गोल टिकली चिकटवून. गेटवर गावातला हरेश टिकल्या लावायला बसला होता. बायका हसत होत्या, "आता फोनला पण सवाष्ण केली काय रे?" समोरच्या बाजूचं भिंग मोकळं ठेवलं. त्याने माणूस आपलाच फोटो काढतो, त्याला काय बंदी करायची, असं सगळ्यांचं मत पडलं.

कार्यक्रम सुरू झाला की हरेशने स्टेजच्या पायथ्याशी, रस्त्याच्या बाजूला, प्रेक्षकांकडे तोंड करून बसायचं होतं. कोणी टिकली काढतंय का यावर नजर ठेवायची. दुसऱ्या टोकाला खाडीचा बांध होता. तिकडे राखणदार ठेवला नव्हता. त्या टोकाला, पहिल्या रांगेत, मायकल बसला होता.

आणि व्हिडिओत सिपोराबाईंच्या चेहऱ्याची जी बाजू दिसत होती, ती खाडीकडची होती.

३

चंद्रावतीबाई पेणहून रोह्याच्या गाडीत बसल्या. कासू स्टेशन मागे पडलं तरी त्या व्हिडिओच बघत होत्या. त्यात काहीतरी खटकत होतं. मूर्ती हातात घेतल्यावर कुठेतरी माती पोकळ राहिल्याचं बोटांना कळतं, डोळ्यांना दिसत नाही, तसं.

सिपोराबाई ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मायकल दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. कंपनीची पहिली शिफ्ट त्याने चुकवली होती.

"बस गो चंद्रावती," सिपोराबाई म्हणाल्या. "चहा सांगत नाय. आज या घरात कोणाचं डोकं ठिकाणावर नाय."

"बाय, मी माफी मागायला आले. नियम माझा होता."

"तुझा नियम चांगला होता. माझाच माणूस वाईट निघाला."

"आत्या, मी नाय काढला," मायकल म्हणाला. सकाळपासून हे किती वेळा म्हणून झालं होतं, ते त्याच्या आवाजावरून कळत होतं.

"मग माझ्या उजव्या अंगाला कोण बसलेलं? पोपट? दोन महिने पाठीमागं लागलास, आत्या, एकदा फोनमध्ये भरून घेतो, तिकडे गेल्यावर विसरीन. मी नाय म्हटलं. तरी भरलंस."

"विचारलं, व्हय. नाय म्हटलीस तेव्हा गप बसलो."

"तुझ्या फोनची टिकली कुठंय?" चंद्रावतीबाईंनी विचारलं.

"बाहेर पडल्यावर काढली, काकू. सगळ्यांनीच काढली. गेटाबाहेर टिकल्यांचा सडा पडलेला."

ते खरं होतं. चंद्रावतीबाईंनी स्वतः सकाळी तो झाडून घेतला होता. त्यांनी फोन सिपोराबाईंपुढे धरला. "बाय, एकदा नीट बघा. यात तुम्हाला काही वेगळं वाटतं?"

सिपोराबाईंनी नाखुशीने चष्मा लावला. थोडा वेळ बघून म्हणाल्या, "वेगळं काय असणार? मी अगदी अशीच दिसते. रोज आरशात बघते ना थोबाड."

"आणि तुला रे?"

मायकलने मान वाकडी करून पाहिलं. "खरं सांगू, काकू? आत्या वाटतच नाय ही. नाक डोळे तेच, पण दुसरीच कोणतरी. आत्याची मावसबहीण असल्यासारखी."

"ऐकलंस?" सिपोराबाईंनी सूप खाली आपटलं. "गाणं चोरलं, आणि आता आत्याची ओळख पण नाय."

मायकल आत गेला. आत लोखंडी खाटेवर एक सुटकेस उघडी पडली होती, अर्धी भरलेली.

चंद्रावतीबाई उठल्या. एकच चेहरा, एकच फोन. जिचा चेहरा, तिला तो अगदी ओळखीचा वाटतो. आणि ज्याने तो जन्मभर समोर बसून पाहिला, त्याला परका वाटतो. दोघांपैकी एक खोटं बोलत असेल तर गोष्ट सोपी होती. पण परतीच्या गाडीत त्यांना सारखं वाटत राहिलं की दोघंही खरंच बोलत होती.

४

दुपारी मेळ्याच्या रानात नितेश वायरी गुंडाळत होता. आवाजाची सगळी व्यवस्था त्याची. त्याच्याजवळच्या यंत्रात गाणं भरून घेता आलं असतं, म्हणून पहिला प्रश्न त्यालाच होता.

"माझ्यावर संशय?" तो हसला. "काकी, कान देऊन ऐका. हा आवाज माझ्या मशीनचा नाय. फोनच्या माइकचा हाय. आणि लांबून पण नाय घेतलेला. तळहातावर टाळी पडते ती स्पीकरातून नाय, थेट ऐकू येते. स्टेजच्या अगदी जवळ असणार. आणि खाली. बघा, बायची हनुवटी खालून दिसते."

"पहिल्या रांगेतून?"

"पहिल्या रांगेपेक्षा पण जवळून, असं मला वाटतं. पण पहिल्या रांगेच्या पुढं कोण बसणार?"

ते ऐकून चंद्रावतीबाई पेणला भूमिकाच्या घरी गेल्या. भूमिका लग्नाचे फोटो काढते, आणि काल गेटवर सगळ्यात मोठं भांडण तिनेच केलं होतं. तिचा मोठा कॅमेरा जमा करताना ती म्हणाली होती, माझं पोर काढून घेतल्यासारखं वाटतं. ती पहिल्या रांगेत बसली होती, पण रस्त्याच्या टोकाला.

"मी नाही काढला," ती दारातच म्हणाली. "आणि काढला असता तर असला काढला नसता. माझी लाज जाईल. चौकट वाकडी, वर गणपतीचा मुकुट अर्धा कापलाय. आणि हे बघा, कोपऱ्यात."

तिने व्हिडिओ थांबवला. खालच्या कोपऱ्यात एक धुरकट, काळपट गोलाई दिसत होती.

"काय आहे ते?"

"खांदा. कोणाचा तरी खांदा मध्ये आलाय. फार जवळ आहे म्हणून पुसट. समोर माणूस बसला असेल आणि त्याच्यावरून काढलं, तर असं येतं."

चंद्रावतीबाईंनी दोघांचं बोलणं जुळवून पाहिलं. नितेश म्हणतो, पहिल्या रांगेपेक्षाही जवळून. भूमिका म्हणते, मध्ये कोणाचा तरी खांदा आहे. मग तो खांदा स्टेज आणि पहिल्या रांगेच्या मध्ये असणार. पण तिथे स्टेजकडे तोंड करून बसलेलं तर कोणीच नव्हतं.

"काकू," भूमिकाचा आवाज एकदम उतरला. "मी भांडले खरं. पण त्या गायला लागल्या ना, तेव्हा मला कॅमेऱ्याची आठवणच राहिली नाही. दहा वर्षांत पहिल्यांदा मी काहीतरी नुसतं बघितलं. घरी येऊन आईला सांगायला गेले तर सांगताच येईना."

५

कारखान्यात परत आल्यावर चंद्रावतीबाईंनी अर्धवट गणपती पुढ्यात ओढला. दुसरा डोळा आखायला हात स्थिर व्हायला हवा होता. तो होईना. संध्याकाळचा कार्यक्रम जवळ येत होता आणि रोह्याच्या घरातली सुटकेस त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. पनवेलच्या कोणी बाई होत्या.

"तुमच्या मेळ्याचा व्हिडिओ पाहिला हो. त्या आजींच्या मागे जो गणपती आहे, तसाच आम्हाला हवा. उजव्या सोंडेचा."

"तो डाव्या सोंडेचा आहे," चंद्रावतीबाई म्हणाल्या. "आमच्याकडे उजव्या सोंडेची मूर्ती मुद्दाम सांगितल्याशिवाय करत नाहीत. तिचं सोवळं कडक असतं. तो मी स्वतः केलाय."

"अहो, मी बघून सांगतेय. उजवीच आहे."

"बाई, माझी मूर्ती मला माहीत आहे," असं जरा तोडून बोलून त्यांनी फोन ठेवला. ठेवला आणि तशाच बसून राहिल्या. मग पूजाचा फोन मागून घेतला.

सकाळपासून त्यांनी हा व्हिडिओ कितीदा पाहिला होता, पण दर वेळी सिपोराबाईंकडे पाहिलं होतं. आता पहिल्यांदा त्यांनी आपल्याच गणपतीकडे पाहिलं.

सोंड उजवीकडे होती.

"पूजा," त्या हळूच म्हणाल्या, "भिंतीवरचा आरसा काढून आण."

पूजाने आरसा आणला. चंद्रावतीबाईंनी एक लहान मूर्ती उचलून आरशापुढे धरली. हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलींना बोलावलं. काही कळलं की ते एकटीने कळून घेणं त्यांना जमत नसे.

"ही कुठल्या सोंडेची?"

"डाव्या," मुली म्हणाल्या.

"आणि आरशातली?"

मुलींनी पाहिलं. एकीने तोंडावर हात ठेवला. "उजव्या, काकी."

"आता हा व्हिडिओ बघा. गणपती उलटा. सिपोराबाय उजव्या हाताने डाव्या तळव्यावर ताल देते, इथे डाव्या हाताने देते. पदर दोन्ही खांद्यांवर, म्हणून तो उलटा कळला नाय. हा व्हिडिओ आरशातला हाय. म्हणून सिपोराबायला स्वतःचा चेहरा ओळखीचा वाटला. ती स्वतःला आरशातच बघत आली. आपण सगळे तसेच. आणि मायकलने तिला कधी आरशात बघितली नाय, समोरून बघितली. त्याला ती परकी वाटली. दोघं खरं बोलली."

"पण तिथं आरसा कुठं होता?" पूजाने विचारलं.

"प्रत्येकाच्या हातात होता. आपला फोटो आपण काढतो ते भिंग कसं दाखवतं? आरशासारखं. पुष्कळ फोनांत ते तसंच उलटं साठवलं पण जातं. आपण पाठीवरच्या भिंगाला टिकली लावली. समोरचं उघडं ठेवलं."

"म्हणजे ज्याने काढलं त्याने समोरच्या भिंगाने काढलं."

"व्हय. आता पुढचं तू सांग. उलटं चित्र सरळ केलं तर ते कुठल्या बाजूने काढलं?"

पूजाने मनात उजवं डावं केलं. "खाडीकडून नाय. रस्त्याकडून." तिचा चेहरा उजळला. "म्हणजे मायकल नव्हे. पण रस्त्याकडं तर भूमिका बसलेली."

"भूमिकाचं तोंड कुठं होतं?"

"स्टेजकडे."

"स्टेजकडे तोंड करून समोरच्या भिंगाने काढलं तर काय दिसेल?"

"तीच दिसेल. आणि तिच्या मागची माणसं." पूजाचं बोलणं मंदावलं. "स्टेज दिसायला स्टेजकडे पाठ पाहिजे. आणि मग जो खांदा दिसतो तो समोरच्या माणसाचा नव्हे. काढणाऱ्याचाच."

काल त्या सबंध रानात स्टेजकडे पाठ करून बसलेला माणूस एकच होता. त्याला तसं बसायला चंद्रावतीबाईंनीच सांगितलं होतं.

६

हरेश गेटवर टिकल्यांच्या कागदावरून बोट फिरवत बसला होता. चंद्रावतीबाई शेजारी येऊन बसल्या. काही विचारलं नाही. त्यांनी फक्त व्हिडिओ लावला आणि कोपऱ्यातल्या खांद्यावर बोट ठेवलं.

हरेशचं बोट टिकल्यांच्या कागदावर थांबलं.

"माझाच हाय," तो म्हणाला. "सकाळी बघितलं तेव्हाच कळलं. यायची हिंमत नाय झाली, काकी."

"तू? टिकल्या लावणारा?"

"मी गुपचूप भरून घ्यायचं म्हणून नाय काढलं. तुम्ही सांगितलं होतं, काय पण झालं तरी मागं वळायचं नाय. मी नाय वळलो. पण तुम्हाला माहीत नाय तिकडनं काय दिसत होतं." तो शब्द शोधत होता. "सगळं रान माझ्याकडं तोंड करून बसलेलं. ती गायला लागली आणि लोकांचे चेहरेच बदलले. पोरं मस्ती करत होती ती थांबली. आमची मालूकाकी, कोणाच्या मयताला पण डोळ्यात पाणी नाय, ती रडत होती आणि तिला ते कळत पण नव्हतं. शेतात पाणी सोडल्यावर कसं एका चोंढ्यातनं दुसऱ्यात सरकतं, तसं काहीतरी त्या माणसांतनं सरकत चाललेलं मला दिसत होतं. मी सगळ्यांना बघत होतो, काकी. फक्त ती सगळी जिला बघत होती, तिलाच बघायची मला बंदी होती."

चंद्रावतीबाईंनी व्हिडिओ बंद केला.

"फोन मांडीवर होता. म्हटलं, जरा आरसा करून बघू. समोरचा कॅमेरा लावला, खांद्यावरनं ती दिसली. मग बोट दाबलं गेलं. दाबलं गेलं म्हणजे, मीच दाबलं. घरी बायको, मैना, बाळंतीण हाय, तिला यायला मिळालं नाय. तिला दाखवला. तिनं बहिणीला धाडला. बहिणीनं कुणाकुणाला."

"मायकलवर आळ आलाय, ठाऊक आहे तुला?"

ते हरेशला खरोखरच ठाऊक नव्हतं. टिकल्यांचा कागद त्याने खाली ठेवला. "रोह्याला फोन लावा. मला बोलू द्या."

चंद्रावतीबाईंनी फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. तो उभा राहून बोलला, जणू सिपोराबाई समोरच होत्या. चेहऱ्यांचं सगळं सांगितलं, मैनेचं सांगितलं, शेवटी म्हणाला, "मायकलदादाचा काय दोष नाय. माझा हाय."

मग सिपोराबाईंनी एकच विचारलं.

"तू खरंच एकदा पण मागं वळला नाय?"

"नाय, बाय. सांगितलेलं ना."

फोन बंद झाला. त्या येणार की नाही, ते त्या काही बोलल्या नाहीत.

७

सूर्य खाडीकडे उतरला तरी रोह्याहून काही कळलं नव्हतं. माणसं येत होती. हरेश मुकाट्याने टिकल्या लावत होता. आज मात्र त्याने पुढच्या मागच्या दोन्ही भिंगांना टिकली लावली, आणि बायकांनी कालच्यासारखी थट्टा केली नाही. सगळ्यांपर्यंत गोष्ट पोचली होती. मिठागरवाल्या बायकांचं गाणं झालं. पुढे काय जाहीर करायचं म्हणून नितेश माइक हातात धरून चंद्रावतीबाईंकडे बघत होता.

तेव्हा रस्त्यावर रिक्षा थांबली. आधी मायकल उतरला. मग त्याच्या खांद्याला धरून सिपोराबाई.

त्या स्टेजवर चढल्या नाहीत. पायथ्याशी, रस्त्याच्या बाजूला, हरेशची जागा होती तिथे गेल्या. हरेश उठून उभा राहिला.

"काल इथंच बसलेलास?"

"व्हय, बाय."

"केलंस ते चुकीचं केलंस. त्याची शिक्षा माझ्या पोराला झाली." त्या थांबल्या. "पण आम्हीही तुझ्यावर अन्याय केला. भरल्या पंगतीत वाढणाऱ्याला उपाशी ठेवल्यासारखं केलं. आज इथं कोणी बसायचं नाय. चंद्रावती, ऐकतेस काय? माझ्याकडे पाठ करून कोणी बसेल तर मी गाणार नाय."

"मग लोकांवर नजर कोण ठेवणार?" चंद्रावतीबाईंनी विचारलं.

"मी ठेवीन. मी वर बसते, मला सगळी दिसतात."

पहिल्या रांगेतल्या बायकांनी सरकून जागा केली. हरेश बसला, आणि हात कुठे ठेवावेत ते न कळून त्याने ते काखेत धरले.

सिपोराबाई स्टेजवर गेल्या. पण गायच्या आधी त्यांनी मायकलला वर बोलावलं आणि आपल्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसवलं. माइक जवळ ओढला.

"हा माझा भाचा. सकाळी मी याला खोटा ठरवला. हा खरा होता. मी बंद दारामागं त्याला खोटं म्हटलं नाय, सगळ्या रोह्यानं ऐकलं. म्हणून आता गाणं सगळ्यांच्या देखत देते."

मायकलने मान खाली घातली होती. "आत्या, इथं? मला येत नाय अजून."

"येत असतं तर शिकवायचं काय?"

त्यांनी डोळे मिटले नाहीत. काल मिटले होते, आज त्याच्याकडे बघत त्यांनी सुरुवात केली.

"फुटलं तारू, तरली फळी, फळीला धरून सात कुळी..."

आवाज म्हातारा होता, काठाला चिरलेला. पण तो सुरू झाला आणि त्या उघड्या रानाला जणू भिंती आल्या, छप्पर आलं. सगळी माणसं एकाच घरात बसल्यासारखी झाली. लाटा आल्या, तारू फुटलं, ज्यांची नावं कोणाला ठाऊक नाहीत ती माणसं ओल्या अंगाने वाळूवर चढली. इतकी माणसं बसली होती, पण खोकल्याचाही आवाज नव्हता. हरेशचे हात काखेतून केव्हा सुटले ते त्याला कळलं नाही. तो थोडा पुढे झुकून, तोंड उघडं ठेवून, नुसता बघत होता.

पहिलं कडवं संपलं. सिपोराबाई थांबल्या.

मायकलने घसा साफ केला. पहिल्या ओळीला त्याचा आवाज कापला. दुसरीला चाल हुकली, आणि तो मध्येच थांबून लोकांकडे बघायला लागला.

"तिकडे नाय. इकडे बघ, माझ्याकडे," सिपोराबाई म्हणाल्या. "चुकलं. परत म्हण."

त्याने परत म्हटलं.